पबातली बायकांची खोली

धुराडं गर्जायला लागलं होतं आणि सई कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही सगळे बाहेर बर्फात अनवाणी उभे होतो. पूजेसाठी चपला-बूट दाराशी काढलेले, ते तिथेच राहिले. बायका पैठण्यांत, पुरुष झब्ब्यांत, गुरुजी तर नुसत्या धोतर-उपरण्यावर. छपरावरच्या धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या आणि समोरच्या बुटक्या दारातून काळा धूर बाहेर येत होता. माझा जावई अजित वरच्या मजल्यावर जाऊन आला. खोकत खोकत म्हणाला, "वर नाहीये."

"मग कुठे आहे?" माझी मुलगी वैशाली ओरडली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सई त्यांची मुलगी, सहा वर्षांची, आणि ती सदा माझ्या पदराला धरून असायची. मी म्हणाले, "माझ्यापाशी नाही." तेवढं बोलले आणि दाराकडे वळले. गुरुजींनी माझा दंड धरला.

"मावशी, आत जायचं नाही."

"हात सोडा."

"नाही सोडणार."

त्यांनी सोडला नाही. बोटं रुतली होती. त्याचा वळ पुढे बरेच दिवस होता.

आता मी बार्शीला असते. थंडी पडली की आमच्या शेजारी अजून अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब पेटवतात. गीझर आहे त्यांच्याकडे, पण म्हाताऱ्याला बंबाचंच पाणी लागतं. खाली ढलप्या आणि कणसांची बुरकुंडं घालतात. एकदा पेटला की त्याच्या मधल्या नळीतून वारा ओढला जातो आणि तो घुमायला लागतो. तो आवाज आला की माझ्या हातातलं काम थांबतं. भीती वगैरे वाटत नाही. पण तो हिवाळा येतो आणि समोर बसतो. बसू देते. म्हातारपणी कोण येतंय भेटायला.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाचं गाव आहे. वैशाली आणि अजित तिथे राहायचे. त्या साली कॉम्प्युटरवाल्यांच्या नोकऱ्या पटापट गेल्या, त्यात अजितचीही गेली. वैशालीची राहिली. अजितने दुसरी शोधली नाही. म्हणाला, मी हॉटेल काढणार. आणि गावापासून अर्ध्या तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध, त्याने एक जुना इंग्लिश पब विकत घेतला. त्याचे मित्र हसले. "अजित, यार, कोडिंग सोडून गुत्ता चालवणार?" अजित म्हणाला, "गुत्ता नाही, हेरिटेज आहे." मला बोलावून घेतलं ते सईला सांभाळायला. मी गेले.

गाडीतून उतरून पहिल्यांदा ते घर पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे एका बाजूला कललंय. कललेलंच होतं. बाहेरून काळी लाकडं उभी-आडवी-तिरकी दिसायची आणि मधले चौकोन पांढऱ्या गिलाव्याने भरलेले. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, ओसरीवर पुढे आलेल्या छपरासारखा. खिडक्या लहान, त्यांत तळहाताएवढ्या काचा शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या. एकही काच सरळ नव्हती. आतून बाहेरचा बर्फ पाहिला की तो पाण्यातून पाहिल्यासारखा हलायचा. दार इतकं बुटकं की अजित रोज कपाळ आपटून घ्यायचा. उंच आहे तो. आतल्या एका तुळईला तर कातड्याची गादी ठोकली होती, डोकं आपटलं तरी फुटू नये म्हणून. तुळई उंच करायची सोडून तिला गादी बांधणारे लोक. मला हे आवडलं. आमचं बार्शीचं घर माळवदाचं होतं, तिथेही तुळया डोक्याला लागायच्या, पण गादी बांधायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही शिव्या द्यायचो.

हे घर मुळात तिथलं नव्हतंच. फार वर्षांपूर्वी तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यात हा पब पाडताना पाहिला आणि तो पाडलेलाच विकत घेतला. लाकूड न् लाकूड सुटं करून बोटीने आणलं आणि इथे परत उभं केलं. श्रीमंतांना काय सुचेल सांगता येत नाही. प्रत्येक तुळईच्या टोकाला पटाशीने रेघा पाडलेल्या होत्या, म्हणजे कुठलं टोक कुठल्या खांबाला ते समजावं. सई त्या रेघांवरून बोट फिरवायची. "आजी, धिस इज फोर. धिस इज नाइन." काही ठिकाणी तुळयांना मोकळी भोकं होती, त्यांत काहीच बसवलेलं नव्हतं. पबाच्याही आधी ती लाकडं दुसऱ्याच कशात तरी असणार, गोठ्यात म्हणा, जहाजात म्हणा. तिथलं काही तरी त्या भोकांत अडकवलेलं असणार. लाकडाला काय, जिथे नेऊन ठेवाल तिथे ते वजन उचलतं.

हे सगळं मला हिल्डाने सांगितलं. ती त्या घराची आधीची मालकीण. लढाईनंतर एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून इंग्लंडहून आली आणि नवऱ्यासोबत जन्मभर हा पब चालवला. नवरा गेला, मग काही वर्षं एकटीने चालवला, मग गुडघे गेले, मग विकला. व्यवहारात ठरलं होतं की उन्हाळा येईपर्यंत ती मागच्या खोलीत राहील. वय ब्याऐंशी. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. पण घरात सगळे मला आई म्हणायचे, म्हणून तीही मला आईच म्हणायची. मी तिला हिल्डाबाई म्हणायचे. आमची भाषा एक नव्हती. सई मधे बसून इकडचं तिकडे करायची, तीही अर्धंमुर्धं.

मी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी हिल्डाने काठीने मला खुणावलं आणि त्या खोलीत नेलं.

मोठ्या दालनात एका भिंतीला भली थोरली चूल होती. चूल म्हणजे शेकायची, स्वैपाकाची नव्हे. माणूस आत उभा राहील एवढी, आणि आतच दोन्ही बाजूंना बसायला दगडी कट्टे. तिच्या वर धुराडं, थेट छपरापर्यंत. त्या चुलीच्या पाठीला लागून ही खोली. चार-पाच माणसं बसतील एवढीशी. तीन बाजूंनी लाकडी फळ्या, फळ्यांवर धुरकट काच, डोक्याच्याही वर. दालनाकडे एक दार, आणि दारू ओतायच्या फळीकडे एक झरोका, त्यालाही झडप. आणि मागच्या अंगणाकडे अजून एक दार, एकट्याचं, अरुंद. तिकडे या खोलीला स्नग म्हणतात.

हिल्डा बोलत होती. सई मला म्हणाली, "आजी, इथे लेडीज बसायच्या. मेन लोकांनी बघू नये म्हणून. मागच्या दारानी यायच्या, अँड देन त्या विंडोतून ग्लास घ्यायच्या."

"आणि मग?"

सईने विचारलं. हिल्डाने खांदे उडवले.

"मग काही नाही. जस्ट सिट."

आमच्याकडेही बायकांना मागेच बसवत. पण तिथे चूल असायची, जातं असायचं, तान्हं पोर असायचं. मागे बसवायचं म्हणजे कामाला बसवायचं. इथे बायकांना लपवलं होतं, हे खरं. पण लपवून त्यांच्या हातात पेला दिला होता आणि बसा म्हटलं होतं. मला ती खोली पटली.

त्या हिवाळ्यातल्या दुपारी मी तिथेच काढल्या. अजित दालनात सामान मोजत, फोनवर भांडत असायचा. वैशाली ऑफिसात. मागच्या भिंतीला चुलीची ऊब यायची. तेव्हा त्या चुलीत खरी लाकडं नव्हती, सिमेंटचे खोटे ओंडके होते आणि त्यांखाली गॅस. हिल्डाने कैक वर्षांपूर्वी तसं करून घेतलं होतं, कारण लाकडं वाहायला माणूस मिळेना. मी फुलवाती वळायचे. हिल्डा लोकरीचं काही तरी विणायची, ते कधी संपलेलं मी पाहिलं नाही. सई खाली बसून क्रेयॉननी चित्रं काढायची. बाहेर बर्फ पडायचा. बर्फाला आवाज नसतो, ही गोष्ट मला तिथे कळली. बार्शीत पाऊस आला की पत्र्यावर आधी कळतं, मग दिसतो. तिथे खिडकीबाहेर पाहावं तर सगळं जग बदललेलं, आणि कुणी काही बोललेलं नाही.

हिल्डा रोज दुपारी काळ्या बीअरचा एक लहान पेला घ्यायची. एकदा माझ्यापुढे केला. मी चव घेतली. काढ्यासारखी होती. संपवली. सईने संध्याकाळी आईला सांगितलं, "आजी ड्रँक बीअर." वैशाली म्हणाली, "आई!" मी म्हणाले, "पबात काय ताक पिऊ?"

भांडण झालं ते त्या खोलीवरून. अजितला फळ्या तोडून तिथे टेबलं टाकायची होती आणि मागच्या दाराला बाहेरून भिंत घालून तिथे मोठा फ्रीज.

"आई, एवढी जागा वेस्ट जाते. शनिवारी रात्री मला सीट्स लागतील."

"तोडू नकोस."

"तुम्ही इमोशनल होताय."

"मी कशाला इमोशनल होऊ? बसायला बरी आहे म्हणून सांगते."

"कोण बसणार तिथे? आता बायका बाहेर बसतात, आई. सगळीकडे बसतात."

त्याचं बरोबर होतं. हिल्डाला सई सगळं सांगत होती. हिल्डाने घर विकलं होतं. विकलेल्या घराबद्दल बोलायचं नाही एवढी रीत तिला होती. पण त्या दिवसापासून तिने विणकाम त्या खोलीबाहेर नेलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खोलीतच बसायची, दोन्ही दारं ओढून. सुतार सोमवारी येणार होता. शनिवारी वास्तुशांत.

दारूच्या दुकानाची वास्तुशांत म्हणून बरेच टोमणे झाले. स्वतः गुरुजीही कचरले. गुरुजी म्हणजे चांगले इंजिनिअर होते, आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवार पूजा. जिमच्या बॅगेत पळी-पंचपात्र आणायचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, इथे इतकी वर्षं मद्य विकलं गेलंय. जरा ऑकवर्ड वाटतं."

मी म्हणाले, "मग शांत करायची गरज इथेच जास्त."

ते हसले आणि मांडणीला लागले.

अमेरिकेत होम करायचा म्हणजे आधी छताला लावलेल्या स्मोक अलार्मच्या डब्यांचा विचार करावा लागतो. धूर लागला की त्या किंचाळायला लागतात आणि आगीच्या गाड्या येतात. तिथल्या प्रत्येक मराठी घरात याची एक तरी गोष्ट आहे. कुणी डब्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात, कुणी गॅरेजमध्ये होम करतात आणि थंडीने कुडकुडतात. अजितला नामी युक्ती सुचली. एवढी मोठी चूल आहे, वर धुराडं आहे, होमकुंड चुलीतच ठेवू. धूर सरळ वर जाईल. जमलेल्या सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. "व्हॉट ॲन आयडिया!" पुण्याचे एक काका म्हणाले, "इंग्रजांनी आपल्यासाठीच बांधून ठेवलंय हे." कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या माळवदालाही धूर जायला भोक असायचं, सवणं म्हणायचो आम्ही त्याला. तेव्हा मलाही हे अगदी घरच्यासारखं वाटलं. खोटे ओंडके बाहेर काढले, गॅस बंद केला, तांब्याचं कुंड आत ठेवलं.

होम छान झाला. खरंच छान. समिधा तडतडत होत्या, धूर वर ओढला जात होता, एकही डबी वाजली नाही. त्या काळ्या तुळयांखाली मंत्र घुमत होते. पन्नास बाटल्या मांडायच्या फडताळावर नारळ, सुपाऱ्या, तांदूळ. बायका म्हणत होत्या, किती प्रसन्न वाटतंय. पूर्णाहुतीला अजित-वैशालीने नारळ घातला आणि गुरुजींनी वरून तुपाची धार धरली. मोठी धार. ज्वाळा उठली ती चुलीच्या तोंडापर्यंत, आणि मग वर गेली आणि तिथेच राहिली.

कैक वर्षांपूर्वीची काजळी त्या धुराड्यात थराथराने बसली होती. डांबरासारखी असते ती. ती पेटली. पहिल्यांदा फक्त आवाज आला, ट्रक चढावर चढतो तसा. मग पेटते गोळे खाली पडायला लागले. कुणी तरी ओरडलं, "पाणी!" आणि हाताशी पाणी होतं ते कलशातलं. अजितने कलश उचलून कुंडात ओतला. पेटत्या तुपात पाणी गेल्यावर काय होतं ते प्रत्येक बाईला माहीत असतं, पण बाईला विचारायला वेळ कुणाला. भडका दालनात आला. धूर आला. तीसेक माणसं एका बुटक्या दाराकडे धावली आणि दारात तीसेक माणसांचे जोडे. कुणी अडखळलं, कुणाचं कपाळ चौकटीवर आदळलं. मला कुणी ढकललं आठवत नाही. मी बाहेर होते.

आणि सई नव्हती.

तिथे उभं राहून मी काय विचार केला ते सांगते, कारण लोक विचारतात. देवाचं नाव घेतलं नाही. मला दिसत होती ती फक्त चुलीची पाठ. ऊब यायची ती भिंत. तिच्याआड ती खोली आणि त्या खोलीचं दालनाकडचं दार. तिथूनच सगळा धूर येत होता. सई मंत्रांना कंटाळली की कुठे जाईल, हे मला ठाऊक होतं. बिस्किटं होती त्या खोलीत. मी ओरडले, "हिल्डापाशी आहे!" अजित पुन्हा आत घुसला. आता तर दार दिसतही नव्हतं. चार पावलं गेला नसेल, गुडघ्यांवर बाहेर आला. वैशाली बर्फात खाली बसली. आगीच्या गाड्यांचे भोंगे शेतापलीकडे ऐकू येत होते. तो वेळ फार लांबला. किती, ते मला सांगता येणार नाही.

मग घराच्या कोपऱ्यावरून हिल्डा येताना दिसली. काठी टेकत, एकेक पाऊल चाचपून, बर्फावर घसरू नये म्हणून. अंगावर नेहमीचा करडा स्वेटर. एकटी. ती जवळ येईपर्यंत कुणी हललं नाही. तिने वैशालीकडे पाहिलं आणि काठीने मागे दाखवलं.

"शी इज इन माय कार. वुइथ द हीटर ऑन."

भिंत तापली, झरोक्यातून धूर शिरला, तेव्हा हिल्डाने दालनाकडचं दार उघडून पाहिलंच नाही. सईला धरलं आणि मागच्या दाराने अंगणात निघाली. आपल्या गाडीत बसवलं, पट्टा लावला, हीटर लावला, बिस्किटांचा डबा हातात दिला. मग घराला वळसा घालून सांगायला आली. तेवढ्या वळशाला गुडघ्यांमुळे वेळ लागला. त्या दाराने पुरुषांच्या नजरेआडून बायका यायच्या. जातानाही त्याच दाराने जायच्या, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी तिला मिठी मारली नाही. मी मराठीत ओरडले, "एवढा वेळ लावतात का? जीव गेला असता माझा!" ती शांतपणे म्हणाली, "येस, आई," आणि माझ्या उघड्या पायांकडे बघून स्वतःचे बूट काढायला लागली. मी काढू दिले नाहीत.

वैशाली गाडीत बसली होती, पोरीला छातीशी घट्ट धरून. सई तक्रार करत होती, "मम्मा, यू आर क्रशिंग माय कुकीज."

धुराडं उभं चिरलं. गिलावा गेला. दालनातलं फडताळ कोळसा झालं. तुळया बोटभर खोल काळ्या पडल्या, पण आतलं लाकूड तसंच होतं. आगीच्या खात्याच्या माणसाने कुऱ्हाडीने एक टवका काढून अजितला दाखवला. आत पिवळं, ताजं. तो माणूस म्हणाला, असलं जाड लाकूड जळायला दिवस लागतात, पत्र्याच्या घरापेक्षा बरं. गुरुजींच्या पायाची दोन बोटं थंडीने सुजली, महिनाभर ऑफिसात सपाता घालून गेले. वास्तुशांत पुरी झाली की नाही यावर वाद झाला. गुरुजींचं म्हणणं, पूर्णाहुती पडली होती, म्हणजे झाली. पुण्याचे काका म्हणाले, "झाली कसली, भडकली." कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.

सोमवारी सुतार आला नाही. अजितने त्याला कॅन्सल केलं. पुढे दुरुस्तीला सुरुवात झाली तेव्हा सरकारी तपासनीस येऊन म्हणाला, मागचं दार राहिलंच पाहिजे, नाहीतर हॉटेलला परवानगी नाही. म्हणून दार राहिलं. फळ्यांबद्दल तपासनीस काहीच बोलला नव्हता. त्या अजितने स्वतःहून ठेवल्या. उन्हाळा आला तेव्हा हिल्डाला जा म्हणून कुणी सांगितलं नाही आणि ती गेलीही नाही.

तो हिवाळा आठवला की आग कमी आठवते. दुपारी जास्त आठवतात. कुणी पुढ्यात काम टाकलं नाही, कुणी हाक मारली नाही, अशा दुपारी माझ्या उभ्या आयुष्यात तेवढ्याच. घर उभं असतं ते खांबांवर, हे खरं. पण घरात माणसाला कुठे टेकावंसं वाटतं, ते बांधणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्या खोलीची भिंत उबदार होती, कारण कुणी तरी ती मुद्दाम चुलीच्या पाठीला लावली होती. तो माणूस मरून शेकडो वर्षं झाली. त्याने कुठल्या बाईसाठी ती बांधली, आईसाठी का बायकोसाठी का नुसत्या गिऱ्हाइकांसाठी, हे कुणाला माहीत नाही. बांधली चांगली होती.

सईला त्या दिवसाचं काही आठवत नाही. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "आजी, मला फक्त कुकीज आठवतात." बरं आहे.

त्या शनिवारी त्या घरात तीसेक माणसं होती. सगळी वाचली. सई वाचली, आणि तिला बाहेर काढणारी हिल्डाही वाचली.